सिटी कॉलेजचे मैदान आणि रहीम मास्तर

आमच्या केळशीला सुकती लागली की समुद्र मागे सरतो आणि ओली, घट्ट वाळू उघडी पडते. असरची नमाज झाली की गावची पोरं तिथे उतरतात. दोन्ही बाजूंना चपलांच्या जोड्या ठेवल्या की गोल तयार. बूट कुणाकडे नाहीत, असले तरी वाळूत कामाचे नाहीत. चेंडू लाटेत गेला की सगळ्यांत लहान पोरगा धावतो. हा नियम आमच्या वेळीही होता, आजही आहे. भरती लागली की सामना संपला, कुणी किती गोल केले याचा हिशेब घरी जाताना भांडून करायचा.

मागच्या महिन्यात मी असाच सुरूच्या झाडांखाली बसून खेळ बघत होतो. शेजारच्या मोहल्ल्यातली एक बहीण तिथून जात होती. मला बघून थांबली आणि म्हणाली, "चाचा, तुम्ही मासिकात लिहिता ना? मग आमच्या पोराला चार शब्द समजवा. बारावी झाली. मुंबईला मामूकडे राहून कॉलेजला जायचं ठरलंय. कॉलेज बघून आला, तर घरी येऊन पहिली गोष्ट काय सांगितली ठाऊक आहे? तिथं फुटबॉलची टीम आहे म्हणे. फी किती, वर्ग किती वाजता, काही नाही. फुटबॉलने आजवर कुणाचं भलं झालंय?"

मी त्या वेळी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता आणि तो एका घरापुरता नाही. या महिन्याचे पान म्हणजे त्या बहिणीला दिलेले उत्तर समजा. मात्र त्यासाठी केळशीहून थेट हैदराबादला जावे लागेल, तेही शंभर वर्षे मागे.

हैदराबादेत मुसी नदीच्या काठाला, हायकोर्टाच्या शेजारी सिटी कॉलेजची मोठी इमारत उभी आहे. निजामाच्या काळात हे कॉलेज उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले होते. उस्मानिया १९१८ साली सुरू झाले. उच्च शिक्षण इंग्रजीतून नव्हे, तर उर्दूतून देणारे हे देशातले पहिले विद्यापीठ. त्या वेळी औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी बोलणारे जिल्हेही हैदराबाद संस्थानातच होते. त्यामुळे उस्मानिया हे मराठवाड्याच्या मुलांचेही विद्यापीठ होते. आपल्या वाचकांपैकी काहींच्या आजोबांच्या पदवीवर त्याचाच शिक्का असेल.

या कॉलेजचा फुटबॉल हा तिथल्या अभ्यासाइतकाच बोलला जाणारा विषय होता. कॉलेजातली मुले आणि कॉलेज सोडून गेलेली मुले मिळून एक संघ खेळत असे. नाव होते 'इलेव्हन हंटर्स'. पुढे 'सिटी कॉलेज ओल्ड बॉईज' या नावाचा क्लबही शहराच्या फुटबॉलमध्ये उतरला. ओल्ड बॉईज म्हणजे माजी विद्यार्थी. नाव साधे आहे, पण त्यातच सगळी गंमत आहे. आपल्याकडे कॉलेज संपले की खेळ संपतो. तिथे पदवी हाती आल्यावरही माणूस संध्याकाळी त्याच मैदानावर दिसायचा. कालचा कॅप्टन आज नव्या पोराला पास कसा द्यायचा ते दाखवायचा. एका पिढीने शिकलेले दुसऱ्या पिढीच्या पायात असे उतरायचे. त्यासाठी ना पुस्तक लागले, ना पगारी कोच.

या इलेव्हन हंटर्समध्ये एक मुलगा खेळायचा. नाव सय्यद अब्दुल रहीम, जन्म १९०९ चा. खेळ उत्तम, पण घर चालवायला फुटबॉल पुरेसा नव्हता. त्या काळी तो कुणालाच पुरत नव्हता. रहीम यांनी उस्मानियाची बी.ए. पदवी घेतली आणि शाळामास्तर झाले. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांत त्यांनी शिकवले. नंतर शारीरिक शिक्षणाची एक वर्षाची पदविका घेतली आणि शाळेतले खेळही त्यांच्याकडे आले. पुढे सगळा देश त्यांना 'रहीम साब' म्हणू लागला, पण मुळात ते मास्तरच होते. वर्गातला आणि मैदानावरचा.

१९४० च्या दशकात हैदराबाद फुटबॉल असोसिएशनची जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि शेवटपर्यंत राहिली. याच असोसिएशनच्या कामात सय्यद मोहम्मद हादी यांच्यासारखा माणूस होता. हादी केंब्रिजला शिकले, डेव्हिस कपमध्ये टेनिस खेळले आणि रणजी ट्रॉफीतले पहिले शतक त्यांच्याच बॅटमधून निघाले. एवढ्या तोलामोलाच्या माणसांनी गल्लीतल्या पोरांच्या स्पर्धा भरवण्यात आपला वेळ घातला, ही गोष्ट मला त्यांच्या पदकांहून मोठी वाटते.

रहीम मास्तरांनी काय केले ते नीट सांगतो, कारण ते केळशीच्या वाळूवरही करता येण्यासारखे आहे. आपल्या पोरांची सवय कशी असते? चेंडू पायात आला की सोडायचा नाही. एकाला चकवायचे, दुसऱ्याला चकवायचे, मग तिसरा येऊन चेंडू काढून घेतो आणि सगळे त्याच्यावर ओरडतात. हैदराबादची पोरंही अशीच होती. मास्तरांनी त्यांना भाषण दिले नाही. त्यांनी स्पर्धाच अशा भरवल्या की त्यात चकवत चेंडू नेण्याला बंदी. चेंडू आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. मग काय होते? देण्याआधी मान वर करून बघावे लागते की आपला माणूस कुठे उभा आहे. ज्याच्याकडे चेंडू नाही त्यालाही धावून मोकळी जागा शोधावी लागते. खेळ आपोआप वेगवान होतो आणि एकट्याचा न राहता अकरा जणांचा होतो.

दुसरी स्पर्धा याहून मजेची. जो पाय कच्चा, त्याच पायाने खेळायचे. उजव्या पायाच्या खेळाडूने डावाच वापरायचा. सुरुवातीला चेंडू कुठेही जातो, बघणारे हसतात. पण काही आठवड्यांत दोन्ही पाय चालू लागतात आणि समोरच्याला कळत नाही की हा कुठल्या बाजूने मारणार. या दोन्ही युक्त्यांना पैसा लागला नाही. मास्तर जसा कच्च्या विषयाचा गृहपाठ जास्त देतो, तसे त्यांनी कच्च्या पायाला काम दिले.

१९५० मध्ये रहीम हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक झाले. हे साल लक्षात घ्या. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन निजामाचे राज्य संपले होते. हैदराबादच्या मुसलमानांच्या घराघरांत त्या दिवसांची भीती आणि दुःख अजून ताजे होते. उद्या काय होईल हे कुणाला सांगता येत नव्हते. अशा वेळी त्या शहराचा संघ मुंबईला रोव्हर्स कप खेळायला आला.

रोव्हर्स कप म्हणजे मुंबईच्या फुटबॉलची शान. १८९१ साली गोऱ्या पलटणींनी तो सुरू केला आणि पुढची कित्येक वर्षे तो पलटणींकडेच राहिला. १९३७ साली 'बंगलोर मुस्लिम्स' या संघाने तो पहिल्यांदा भारतीय हातांत आणला. कूपरेजच्या मैदानावर या स्पर्धेचे सामने भरत. मुंबईच्या गोदीत आणि जहाजांवर नोकरीला असलेले आपले कोकणी लोक सुट्टीच्या दिवशी तिकडे जात. माझे एक चाचा सांगायचे की कूपरेजला जायचे तर दुपारचे जेवण लवकर उरकावे लागे, नाही तर उभे राहायलाही जागा मिळायची नाही.

त्या कूपरेजवर हैदराबाद पोलिसांनी १९५० चा रोव्हर्स कप जिंकला. मग १९५१ चा, १९५२ चा, १९५३ चा आणि १९५४ चाही. सलग पाच वर्षे. १९५० मध्येच त्यांनी मोहन बागानला हरवून ड्युरँड कपही नेला. या संघात नूर मोहम्मद होते, अझीझुद्दीन होते, तसेच अँथनी पॅट्रिक होते आणि सुसईही होते. मुसलमान, ख्रिस्ती, तेलुगू, तमिळ असे सगळे एका गणवेशात. दोन वर्षांपूर्वी ज्या शहराकडे सगळा देश संशयाने बघत होता, त्या शहराच्या पोरांसाठी मुंबईची गर्दी टाळ्या वाजवत होती. जखमा टाळ्यांनी भरत नाहीत, हे मला कळते. पण आपण अजून उभे आहोत, एवढे तरी त्या टाळ्यांनी त्या घरांना सांगितले असेल.

यानंतर देशाचा संघ रहीम मास्तरांच्या हाती आला. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांत भारताने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक घेतले. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत, अगदी केळशीच्या पोरांसारखे. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतले. थंडी, ओले मैदान आणि समोर बूट घातलेले तगडे खेळाडू. त्यानंतर भारतात बूट सक्तीचे झाले. मास्तरांनी पराभवाची कारणे सांगत बसण्यापेक्षा संघ पुन्हा बांधला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवले. त्यात तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे, म्हणजे मुळच्या गोव्याच्या आपल्या मुंबईकराचे. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये यापुढे आपण कधीच गेलो नाही. त्या संघात हैदराबादचे नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन आणि तुलसीदास बलराम होते.

बलरामची गोष्ट आईबापांनी ऐकावी अशी आहे. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावचा गरीब घरातला पोरगा. आईला वाटे, मुलाने सरकारी नोकरी धरावी, चेंडूच्या मागे लागू नये. आपल्या त्या बहिणीचेच शब्द. मास्तरांनी त्याला एका सामन्यात हेरले आणि हैदराबादला सरावाला बोलावले. तो म्हणाला, रोज येण्याइतके पैसे नाहीत. तेव्हा मास्तरांनी त्याला भाड्याच्या सायकलीचे पैसे खिशातून दिले. बलराम म्हातारपणीही हे सांगत असत. २०२३ मध्ये ते गेले तेव्हा देशातल्या उत्तम फुटबॉलपटूंत त्यांचे नाव घेतले गेले. सायकलीचे भाडे ते केवढे, पण ते वेळेवर मिळाले नसते तर हे नाव आपण ऐकलेही नसते.

दुसरी गोष्ट मास्तरांच्या स्वतःच्या घरातली. त्यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही फुटबॉलपटू. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी तो संघात होता. बाप प्रशिक्षक, मुलगा खेळाडू. आपल्याकडे काय झाले असते ते सांगायला नको. रोममध्ये हकीम यांना एकही सामना खेळायला मिळाला नाही. पुढे ते हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले, प्रशिक्षक झाले आणि २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये ते अल्लाहला प्यारे झाले. बापाने मुलाला जागा दिली नाही, पण मैदानावर टिकून राहायचे कसे ते दिले. हा वारसा पैशाने तोलता येत नाही.

आता १९६२. जकार्ताचे आशियाई खेळ. मास्तरांच्या अंगात कॅन्सर शिरलेला होता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० ने हरवले. मग भारताने थायलंडला हरवले, जपानला हरवले, दक्षिण व्हिएतनामला हरवले आणि अंतिम सामन्यात पुन्हा तोच कोरिया समोर आला. एका राजकीय वादामुळे स्टेडियममधले हजारो लोक भारताविरुद्ध ओरडत होते. जर्नेल सिंग हा बचावाचा खेळाडू, त्याच्या डोक्याला टाके पडले होते. मास्तरांनी त्याला पुढे आघाडीला खेळवले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांनी एकेक गोल केला आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजी भारताने २-१ ने सुवर्णपदक जिंकले. आदल्या दिवशी मास्तरांनी खेळाडूंजवळ मला एक भेट द्या म्हणून सोने मागितले होते, असे त्या संघातले खेळाडू सांगत. ११ जून १९६३ रोजी रहीम मास्तर मरहूम झाले. त्यानंतर आजपर्यंत भारताला आशियाई खेळांत फुटबॉलचे सुवर्ण मिळालेले नाही. २०२४ च्या ईदच्या सुमारास आलेल्या 'मैदान' या सिनेमात अजय देवगणने त्यांचीच भूमिका केली. तुमच्या घरातल्या मुलांनी तो पाहिलाच असेल.

सिनेमा सुवर्णपदकापाशी संपतो. मला त्यापुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. मास्तरांच्या हाताखाली खेळलेले पी. के. बॅनर्जी स्वतः प्रशिक्षक झाले. १९७० च्या बँकॉक आशियाई खेळांत त्यांनी आणि जी. एम. एच. बाशा यांनी तयार केलेल्या भारतीय संघाने कांस्यपदक मिळवले. त्या संघाचे कर्णधार होते सय्यद नईमुद्दीन, हैदराबाद पोलिसांच्या संघातून आलेले. नईमुद्दीनही पुढे प्रशिक्षक झाले. त्यांना खेळाडू म्हणून अर्जुन पुरस्कार आणि गुरू म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. म्हणजे कॉलेजच्या मैदानावर माजी विद्यार्थ्याने नव्याला शिकवायची जी रीत होती, तीच पुढे देशाच्या संघात चालत राहिली. आणि जिथे ती रीत तुटली तिथे खेळही ओसरला. हैदराबादच्या फुटबॉलचा तो दबदबा आज राहिलेला नाही. गुणी पोरं आजही जन्माला येतात, पण त्यांच्यासाठी संध्याकाळ काढणारी माणसे कमी झाली.

आता परत केळशीला येऊ.

आपल्या गावची रीत तुम्हाला ठाऊक आहे. शिकलेला मुलगा मुंबईला जातो, कुणी जहाजावर, कुणी आखातात. गावाला तो विसरत नाही, हे मी कबूल करतो. मशिदीला रंग हवा, मदरशाला पंखे हवेत, कुणाच्या मुलीचे लग्न अडले, तर पैसे येतात. ईदला आला तर पोरांना नवा चेंडूही देतो. पण वाळूवर उतरून तासभर त्यांच्याबरोबर उभा राहत नाही. चेंडू देऊन मोटारसायकल फिरवतो आणि निघून जातो. आपल्या गावाला माजी विद्यार्थी भरपूर आहेत, 'ओल्ड बॉईज' मात्र नाहीत. हा दोष मी दुसऱ्यांना देत नाही. मी स्वतः वीस-बावीस वर्षे असाच येत-जात होतो. झाडाखाली बसून खेळ बघणे म्हणजे काही शिकवणे नव्हे.

म्हणून त्या बहिणीला माझे उत्तर असे. बाई, फुटबॉलने भलं झालं का, हा प्रश्न अर्धा आहे. रहीम मास्तर बी.ए. झाले म्हणून शिक्षक झाले, शिक्षक होते म्हणून खेळाडू घडवू शकले. त्यांचा अभ्यास आणि त्यांचा खेळ एकमेकांचे वैरी नव्हते. तुझ्या मुलाला टीममध्ये जाऊ दे, पण तीन गोष्टी कबूल करून घे. पहिली, वर्गातली हजेरी आणि परीक्षा यांच्या आड खेळ येणार नाही. दुसरी, नमाजेची वेळ आणि मामूच्या घरची शिस्त सरावाच्या नावाखाली सुटणार नाही. तिसरी गोष्ट मला सर्वांत जवळची. सुट्टीत गावी आला की तिथे जे शिकला ते इथल्या लहान पोरांना शिकवील. टीममध्ये निवड झाली नाही तरी ही तिसरी अट कायम. निवड न झालेल्या मुलालाही शिकवण्यासारखे खूप असते.

मी हे तिला भेटून सांगितले. ती लगेच हो म्हणाली नाही. "बघू," म्हणाली, "त्याच्या अब्बांशी बोलते." पण मुलगा दाराआडून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी सुकतीला वाळूवर बघतो तर त्याने लहान पोरांना दोन रांगांत उभे केलेले आणि ओरडत होता, "डावा पाय! फक्त डावा!" कुणाचा चेंडू पाण्यात, कुणाचा सुरूच्या झाडांत. सगळी हसत होती.

मी चपला काढल्या, विजारीच्या घड्या वर केल्या आणि उतरलो. माझा डावा पाय उजव्याहूनही कच्चा निघाला. मगरिबची अजान होईपर्यंत मी खेळलो आणि रात्री गुडघ्याला तेल लावून घेतले.

वाचकहो, येत्या ईदला किंवा मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही आपापल्या गावी जाल. चेंडू न्या, जरूर न्या. पण त्याबरोबर एक संध्याकाळही न्या. वाळूवर जमत नसेल तर शाळेच्या आवारात जमवा. मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा, त्यांनाही पाय आहेत. पहिल्या दिवशी चकवण्याला बंदी, दुसऱ्या दिवशी कच्चा पाय. मास्तरांचे हे दोन धडे फुकट आहेत, आणि नव्वद-शंभर वर्षांपूर्वी मुसीच्या काठी एका कॉलेजच्या पोरांनी जी रीत पाळली ती आपल्या खाडीच्या काठीही पाळता येईल, इन्शाअल्लाह.